लेकरू स्वतःला काय समजतं?

नांदेडहून निजामाबादकडे जाणारी गाडी धर्माबाद सोडते आणि थोड्याच वेळात बासरला थांबते. मधे राज्य बदललेलं असतं, फलकांवरची लिपी बदललेली असते, पण डब्यातली माणसं तीच असतात. गोदावरीकाठच्या बासरच्या सरस्वती मंदिरात वसंत पंचमीला, नवरात्रात आणि एरवीही दोन्ही राज्यांतली कुटुंबं लेकरांना घेऊन येतात. विधीचं नाव अक्षराभ्यासम. लेकराला मांडीवर घ्यायचं, त्याचा हात धरायचा आणि पहिलं अक्षर लिहवून घ्यायचं. अक्षर वाकडं आलं की सरळ, हे कुणी बघत नाही. आजी, मामा, नवे कपडे, सगळ्यांच्या नजरा त्या एका लेकरावर.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी शिक्षणाच्या दृष्टीनं या प्रसंगात पाहण्यासारखं बरंच आहे. अजून काहीही येत नसलेल्या मुलाला इथं मान मिळतो. तो मिळवण्यासाठी त्यानं काही करून दाखवलेलं नसतं. पुढं शाळेत हा क्रम उलटतो. आधी करून दाखव, मग मान. बहुतेक मुलांच्या वाट्याला पहिला भागच येतो.

धर्माबाद हा नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, तेलंगणाला चिकटलेला तालुका. मिरचीची बाजारपेठ आणि बाभळीचा बंधारा यांमुळे त्याचं नाव बाहेरच्यांच्या कानावर पडतं. शाळेच्या दृष्टीनं मात्र महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या भागात कितीतरी घरांत चुलीपाशी तेलुगू बोलली जाते, शेजारी दखनी उर्दू असते, तांड्यावर गोरमाटी, आणि बाजारात नांदेड-लातूरकडची मराठी, तिच्या ‘करूलालो’, ‘येऊलालो’सकट. पाच वर्षांचं पोरगं यातल्या दोन-तीन भाषांत सहज निभावून नेतं. तेच पहिलीच्या वर्गात बसतं तेव्हा पुस्तकातली मराठी समोर येते, आणि आपल्याजवळ जे आहे त्याला इथं किंमत नाही हे त्याला कुणी न सांगता समजतं. ‘आई भाकरी करूलाली’ असं त्यानं वहीत लिहिलं की खाली लाल रेघ. रेघ एका शब्दाखाली असते, पण मुलाला ती आपल्या आईच्या बोलण्याखाली मारलेली दिसते.

‘मी कोण, मला काय येतं, माझी लायकी किती’ याविषयी माणसाच्या मनात जे चित्र असतं, त्याला मानसशास्त्रात स्व-संकल्पना म्हणतात. ते जन्मतः मिळत नाही. घर, गल्ली, शाळा यांनी आपल्याशी जसा व्यवहार केला, त्यातून ते थराथरानं जमत जातं. १९७६ मध्ये रिचर्ड शॅव्हल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेची जी मांडणी केली ती आजही आधाराला घेतली जाते. त्यांच्या म्हणण्यानुसार हे चित्र एकसंध नसतं. अभ्यासातला मी, मित्रांतला मी, भावनांच्या बाबतीतला मी, शरीरानं धट्टाकट्टा किंवा किरकोळ मी, असे त्याचे कप्पे असतात, आणि अभ्यासाच्या कप्प्यातही गणितातला मी वेगळा, भाषेतला वेगळा. खो-खोत सुसाट पळणारी मुलगी गणिताच्या तासाला बेंचखाली मान घालते, यात म्हणून काही विसंगती नाही. पंचाईत होते ती एक कप्पा इतर सगळ्यांना गिळतो तेव्हा. आपल्याकडे तो कप्पा कुठला, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही पालकाला विचारावं.

मानवतावादी शिक्षणाचा विचार इथून सुरू होतो. त्याच्याशी सर्वांत जास्त जोडलं गेलेलं नाव कार्ल रॉजर्स यांचं (१९०२–१९८७). हे गृहस्थ शेतावर वाढले, विस्कॉन्सिन विद्यापीठात आधी शेतकी शिकायला गेले, आणि मग धर्मशास्त्राच्या वाटेवरून मानसशास्त्रात आले. रोचेस्टर इथं त्यांनी १२ वर्षं अडचणीतल्या मुलांबरोबर काम केलं. लहानपणी घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी साठवलेले बटाटे पाहिल्याची आठवण त्यांनी पुढं लिहून ठेवली आहे. वर एक छोटी खिडकी, खाली अंधारात बटाट्यांना फुटलेले पांढरट, लांबच लांब कोंब, सगळे उजेडाच्या दिशेनं वळलेले. ते कधी झाड होणार नव्हते, पण वाढण्याची धडपड सोडतही नव्हते. वेडंवाकडं वागणाऱ्या मुलांकडे रॉजर्स याच नजरेनं पाहत. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रोप पिवळं पडलं तर तो रोपाला शिव्या देत नाही, जमीन आणि पाणी बघतो.

शिकवणाऱ्याकडून रॉजर्स यांच्या तीन अपेक्षा होत्या. त्यानं मुखवटा न घालता माणूस म्हणून वर्गात असावं, मुलाच्या जागी जाऊन त्याला काय वाटतंय ते समजून घ्यावं, आणि मुलाला बिनशर्त स्वीकारावं. यातली तिसरी अपेक्षा हमखास चुकीची समजली जाते. मुलानं काहीही केलं तरी ‘वा, छान’ म्हणायचं, असा तिचा अर्थ नाही. उत्तर चूक असेल तर ते चूकच. पण उत्तर चुकल्यामुळं मुलाची वर्गातली जागा हलत नाही, एवढं त्याला खात्रीनं वाटलं पाहिजे. ‘पहिला आलास तर माझा लेक’ हे वाक्य गमतीनं म्हटलं तरी त्यातली अट मुलाला नेमकी ऐकू येते. मग ते स्वतःला त्या अटीत बसवू लागतं, आणि बसत नाही तिथं खोटं बोलायला, लपवायला, टाळायला शिकतं.

डी.एड., बी.एड. करणाऱ्यांना मानवतावाद म्हटलं की आठवतो तो मॅस्लोचा पिरॅमिड. टीईटीसाठी त्याच्या पायऱ्या खालून वर आणि वरून खाली पाठ केल्या जातात. गंमत अशी की अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची उतरंड मांडली खरी, पण पिरॅमिड त्यांनी काढलेला नाही. तो पुढं व्यवस्थापनाच्या लेखनातून आला. माणसाला घडवण्याविषयीचा एक मोकळा विचार परीक्षेतल्या दोन गुणांची आकृती होऊन बसला, याला काय म्हणावं?

या सगळ्याला गोड-गोड म्हणून झटकणाऱ्यांसाठी थोडा पुरावा. अमेरिकेत डेव्हिड ॲस्पी आणि फ्लोरा रोबक यांनी सुमारे ६०० शिक्षक आणि १०,००० विद्यार्थी घेऊन एक अभ्यास केला. मुलांना समजून घेणाऱ्या, आदरानं वागवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात गैरहजेरी कमी, मोडतोड कमी, आणि वाचन-गणितातली प्रगतीही जास्त आढळली. २००७ मध्ये जेफ्री कॉर्नेलियस-व्हाइट यांनी अशा ११९ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, त्यातही शिक्षक-विद्यार्थी नात्याचा आणि शिकण्याचा संबंध ठळक दिसला. म्हणजे माया आणि गुणवत्ता यांतून एक निवडा, असा पेच मुळात नाही. पण आपल्याकडे तो असल्यासारखाच वागण्याचा रिवाज आहे, आणि त्यामागं या प्रदेशाचा इतिहास आहे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांतलं शिक्षण उर्दूतून, सरकारी शाळा मोजक्या, मराठी मुलाला घरच्या भाषेत शिकण्याची सोय जेमतेम. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं तेही उर्दू माध्यमाचं. अशा काळात १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले. पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरीत त्यांनी तेच काम केलं. या शाळांतून निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते निघाले, ही बाब पुस्तकांत असते. पण त्याआधी काहीतरी घडावं लागतं. ‘आम्ही कुणीतरी आहोत’ हे पोरांना वाटावं लागतं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. त्याच साली औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलेलं महाविद्यालय सुरू केलं. गावकुसाबाहेरची मुलं तिथल्या वसतिगृहात राहून शिकली, नाटकं केली, लिहू लागली. ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे तिथं शिकवत होते. स्व-संकल्पनेवरचं एकही पाठ्यपुस्तक तेव्हा मराठीत नसेल, पण मिलिंदमध्ये जे चाललं होतं ते तेच होतं.

जातीचा उल्लेख इथं टाळून चालणार नाही. जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळपास बरोबरीनं कोडी सोडवत होती. नाव, गाव, जात असं सगळ्यांसमोर वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्श्यानं घसरली. मुलं तीच, कोडीही तशीच. बदललं ते एवढंच की ‘हे लोक मला कोण समजतात’ याची त्यांना आठवण करून दिली गेली. वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेताना ‘एससीवाले उभे रहा’ म्हणण्याची पद्धत अजूनही कुठं कुठं आहे. ते काम ऑफिसात, एकेकट्याला बोलावून होऊ शकतं.

तर, एवढ्या मागच्या पायरीवरून निघालेल्या प्रदेशाला ऐंशीच्या दशकात लातूरनं एक वेगळीच गोष्ट दिली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात, आणि त्याच्या जोडीनं दयानंद महाविद्यालयात, बारावीच्या मुलांची पद्धतशीर तयारी सुरू झाली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सराव परीक्षांवर सराव परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासून मुलासमोर ठेवायचा आणि चूक कुठं झाली ते दाखवायचं. शाहूचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे, जे पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, यांच्या काळात या कामाचा पाया पडला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या नावांच्या बरोबरीनं लातूरची नावं येऊ लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झालं.

त्या पॅटर्नची टिंगल करणं सोपं आहे आणि पुण्यात बसून ती बरीच झाली आहे. मला ती पटत नाही. ‘मागास मराठवाडा’ हे बिरूद ऐकत वाढलेल्या पिढीला त्या यादीनं जे दिलं, ते गुणांपुरतं नव्हतं. एका अख्ख्या प्रदेशानं स्वतःविषयीचं चित्र बदललं. शेतमजुराच्या, प्राथमिक शिक्षकाच्या, हमालाच्या घरात डॉक्टर होऊ शकतो हे डोळ्यांनी दिसलं. शिवाय पेपर तपासून लेकराला शेजारी बसवून चूक समजावणारा प्राध्यापक हा रॉजर्स यांच्या कल्पनेतल्या शिक्षकापासून फार लांब नाही. तेवढा वेळ त्या मुलाला घरीही कुणी दिलेला नसतो.

घोळ पुढं झाला. गुणवत्ता यादी गेली, वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा आली, महाविद्यालयांच्या जागी खासगी क्लासेस मुख्य झाले आणि लातूरबरोबर नांदेडही मोठं केंद्र बनलं. आता धर्माबाद, उमरी, बिलोलीकडचं दहावीत शाळेत पहिलं आलेलं मूल तिथं खोली घेऊन राहतं. आणि तिथं त्याला भेटतात, आपापल्या शाळेतून पहिली आलेली शेकडो मुलं. पहिल्या चाचणीची यादी व्हॉट्सअपवर येते. कालपर्यंत ‘हुशार’ असलेला मुलगा यादीत दोनशे चाळिसावा असतो. त्याला येत होतं त्यातलं काहीही कमी झालेलं नसतं. उलट दोन महिन्यांत वाढलेलंच असतं. पण स्वतःविषयीचं त्याचं मत एका संध्याकाळी कोसळतं.

या घसरणीचा नीट अभ्यास झालेला आहे. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं ऐंशीच्या दशकापासून तिच्यावर काम केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. एक साध्या शाळेत, दुसरं निवडक हुशार मुलांच्या शाळेत. दुसऱ्या मुलाचं स्वतःच्या अभ्यासाविषयीचं मत पहिल्यापेक्षा खाली असतं, कारण मूल स्वतःला देशाच्या सरासरीशी नव्हे, शेजारच्या बाकावरच्याशी ताडून बघतं. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००० सालच्या माहितीवरून मार्श आणि किट-ताय हाऊ यांनी २६ देशांतल्या १५ वर्षांच्या १ लाखाहून अधिक मुलांचा अभ्यास केला, आणि सगळ्याच्या सगळ्या २६ देशांत हे आढळलं. हुशार मुलांच्या संगतीत आपलं पोर आपोआप वर येईल, हा आपल्या पालकांचा ठाम समज आहे. काहींच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण त्या संगतीची किंमत मोजली जाते आणि ती कुठल्याच फी-पावतीवर छापलेली नसते.

यावर उपाय म्हणून क्लास बंद करा असं म्हणणं पोरकटपणा होईल. पण यादी लावायचीच तर मुलाच्या नावापुढं त्याचे मागच्या चाचणीतले गुणही असावेत, ही मागणी फार मोठी नाही. त्याच मुलाची त्याच्या कालच्याशी तुलना झाली की दोनशे चाळिसावा क्रमांकही वेगळा दिसतो. आणि पालकांनी फोनवर ‘किती पडले?’ च्या आधी ‘जेवलास का?’ विचारावं. हे किती आई-बाप विचारतात? आया विचारतात, म्हणा.

नांदेडकरांना परीक्षेच्या निकालाविषयी बोलताना एक नाव टाळता येत नाही. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले. निकालपत्रावर विश्वास ठेवायचा तर हा माणूस उच्च शिक्षणाला नालायक होता. नांदेडच्या शाळेत मास्तरकी करत करत ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले, पुढं प्राचार्य झाले, आणि इतिहास, साहित्य, नाट्यशास्त्र, राज्यघटना अशा विषयांवर त्यांनी जे लिहिलं-बोललं ते महाराष्ट्र आजही वाचतो. ही गोष्ट मुलांना प्रेरणा म्हणून सांगतात. मला ती थोडी सावधपणे सांगावीशी वाटते. कुरुंदकरांच्या घरी पुस्तकं होती, मामा विद्वान होते, भोवती चळवळीतली मोठी माणसं होती. नापासाच्या शिक्क्याला तोडीस तोड उत्तर देणारं वर्तुळ त्यांच्याजवळ होतं. वीटभट्टीवर राबणाऱ्याच्या, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलाला असं वर्तुळ कुठून मिळणार? त्याच्यासाठी ते काम एकट्या शाळेला करावं लागतं.

शाळेनं ते करायचं म्हणजे काय? आधी कौतुकाविषयीचा एक गैरसमज काढून टाकू. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं नागरिकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी समिती नेमली. आत्मसन्मान वाढला की गुन्हे, व्यसनं, नापासी सगळं कमी होईल, अशी आशा होती. शाळाशाळांतून मुलांना ‘तू खास आहेस’ असं सांगण्याची लाट आली. २००३ मध्ये रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळून काढलं तेव्हा हाती आलं ते असं, की नुसता आत्मसन्मान फुगवल्यानं अभ्यास सुधारत नाही. उलट जमू लागल्यावर आत्मसन्मान वाढतो, हेच जास्त खरं. त्याआधी १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी दाखवलं होतं की ‘तू किती हुशार!’ असं कौतुक झालेली मुलं पुढं सोपीच कोडी निवडतात, अवघड आलं की खचतात, आणि आपले गुण इतरांना सांगताना जवळपास ४० टक्के मुलं चक्क वाढवून सांगतात. ‘मेहनत चांगली घेतलीस’ असं ऐकलेल्या मुलांचं तसं झालं नाही. तेव्हा वर्गात टाळ्या वाजवून घेणं, प्रत्येकाला ‘व्हेरी गुड’चा शिक्का देणं, याला मानवतावादी शिक्षण म्हणू नये. मुलांना खोटं कौतुक चटकन ओळखू येतं.

खरं कौतुक करायचं तर मुलाला खरोखर काय येतं ते आधी शिक्षकाला दिसावं लागतं. धर्माबादच्या मिरचीच्या हंगामात बापाबरोबर काट्यापाशी उभं राहणारं पोरगं आठवा. पोत्याचं वजन, आर्द्रतेची काट, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, हे सगळं त्याच्या कानावरून जात असतं आणि आकडा चुकला तर ते बापाला कोपरखळी मारतं. तेच शाळेत ‘३७५ गुणिले ४’ला अडखळतं. हे काही इथलंच वैशिष्ट्य नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा तेरेझिन्या करेर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, १९८५ मध्ये तो छापून आला. धंदा करताना ही मुलं १०० पैकी ९८ हिशेब बरोबर करत. तीच गणितं कागदावर मांडून दिली तेव्हा ३७. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर झालेला असाच मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यातली दुसरी बाजू आणखी बोलकी आहे: शाळेत नियमित जाणारी, कागदावर बरं गणित करणारी मुलं बाजारातल्या साध्या व्यवहारात गडबडत होती.

म्हणजे वर्गात ‘गणितात ढ’ ठरलेल्या मुलाला गणित येतं. ते येतं हे त्याला ठाऊक नाही, कारण बाजारात तो जे करतो त्याला गणित म्हणतात असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. एखाद्या बाईंनी सोमवारी फळ्यावर मोंढ्यातली पट्टी लिहिली, ‘तुझ्या पप्पांचं पोतं किती भरलं रे? काट किती गेली?’ असं विचारलं, आणि त्यानं तोंडी सांगितलेली रीत आकड्यांत मांडून ‘हे बघ, हे तू केलंस’ म्हटलं, तर त्या पोराच्या डोक्यातला गणिताचा कप्पा हलतो. हे कौतुक नाही, वस्तुस्थितीची नोंद आहे. आणि पुढच्या पायरीसाठी बाईंना आता हाताशी धरायला काहीतरी मिळालेलं असतं.

भाषेचंही तसंच. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पीएच.डी.च केली ती फलटणच्या बोलीवर. कोणत्या वस्तीतलं माणूस कसं बोलतं याचा इतका बारकाईनं अभ्यास केल्यावर शाळेतली ‘शुद्ध-अशुद्ध’ची दहशत त्यांना दिसणारच होती. दलित वस्तीतल्या, वाचन न आलेल्या मुलांसाठी त्यांनी वर्ग घेतले आणि त्यातूनच पुढं प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. मूल बोलतं ते आधी तसंच्या तसं ऐकायचं, लिहू द्यायचं, आणि प्रमाण मराठी ही त्यात भर म्हणून आणायची, ही ती दिशा. धर्माबादच्या वर्गात ती आणखी पुढं नेता येईल. तेलुगू येणाऱ्या मुलांना वर्गात दुभाष्याचं काम द्यावं. मराठी शब्दाला घरी काय म्हणतात ते त्यांनी फळ्यावर लिहावं. दोन भाषा येणं दोषासारखं लपवावं लागतं, असा वर्ग सीमेवरच्या गावात शोभत नाही.

मराठीत या विचाराचा सर्वांत कसलेला प्रयोग कोल्हापूरला झाला. लीलाताई पाटील आयुष्यभर शिक्षक घडवत होत्या, शासकीय अध्यापक महाविद्यालयांत शिकवत होत्या. निवृत्तीनंतर, १९८५ मध्ये, त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. साधी, मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. शिक्षा नाही, नंबर नाही, परीक्षेची भीती नाही. पण आळसाला मोकळीक होती असंही नाही. मुलं बाजारात जाऊन माहिती गोळा करत, कामगारांच्या मुलाखती घेत, वाद घालत, लिहीत. ना. सी. फडक्यांसारख्या लेखकाच्या घरी वाढलेल्या लीलाताईंनी मुलांच्या लिहिण्याला जी गंभीर दाद दिली ती त्यांच्या पुस्तकांतून जागोजाग दिसते. मुलाच्या वाक्यावर विचार करायचा, त्याला उलट प्रश्न विचारायचा. आपलं बोलणं एवढं मनावर घेतलं जातं म्हटल्यावर मूल पुढच्या वेळी विचार करून बोलतं.

कायदा याच बाजूचा आहे, हे अनेकांच्या लक्षात नसतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही बंद केला. कलम २९ मुलाला भय आणि दडपणापासून मुक्त ठेवायला सांगतं. २०१० मध्ये राज्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं आणि शिक्षकांकडून प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी मागितल्या. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली आणि ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘गटकार्यात रस घेतो’ अशी वाक्यं पटावरच्या नावांपुढं ओळीनं उतरवली गेली. जो वर्षभर गप्प बसला त्याच्यापुढंही ‘प्रश्न विचारतो’. आता समग्र प्रगती पत्रक आलं आहे. त्यात मुलानं स्वतःविषयी आणि मित्राविषयी लिहायची जागा आहे. तीही शिक्षकांनीच एका बैठकीत भरून टाकली नाही म्हणजे मिळवली. शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब, निवडणुकीची कामं यांतून मुलाकडे बघायला उरतं किती?

तरी एक गोष्ट खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या बाजूनं आहे, आणि तिची गणना उणिवांत होते. पट कमी असणं. एका शिक्षकाला पंधरा-वीस मुलं, प्रत्येकाचं घर, शेत, आजी, म्हैस त्याला माहीत. सृजन आनंदसारख्या शाळांनी जे मुद्दाम जपलं ते इथं आपोआप आहे. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ चा प्रसिद्ध प्रयोग, ज्यात चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या मुलांविषयी ‘ही यंदा फुलणार’ असं शिक्षकांना सांगितलं गेलं, त्यातला ठळक परिणाम पहिली-दुसरीतच दिसला होता, हेही इथं लक्षात घ्यावं. लहान वयात, लहान वर्गात शिक्षकाच्या नजरेला सर्वांत जास्त वजन असतं. आणि नेमक्या याच शाळा, २० किंवा त्याहून कमी पटाच्या, राज्यभरात १४ हजारांहून अधिक, एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागवले गेले. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, खेळाचं मैदान असेल, हे खरंच. पण पहिलीतलं तेलुगू बोलणारं लेकरू रोज गाडीत बसून दुसऱ्या गावच्या चाळीस मुलांत जाईल तेव्हा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं तिथं कोण असेल, याचा रकाना त्या प्रस्तावाच्या नमुन्यात घालायला हवा होता.